कोकणात निघण्याआधी मागचे ड्रम उघडून घ्या

गणपतीला गाडी घेऊन गावी जायचं ठरलं की टायरची हवा, वायपर, कूलंट एवढं सगळेच बघतात. राहून जातात ते मागचे ड्रम ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात, आणि ते बंद असल्यामुळे आतल्या शूंवरचे (ब्रेक मारल्यावर ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींवरचे) लायनर, म्हणजे घासून झिजणारा थर, संपत आले तरी बाहेरून दिसत नाहीत. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये वेगच इतका कमी असतो की कमजोर ब्रेकवरही भागतं. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना भागत नाही. म्हणून किमान दहा-बारा दिवस हाताशी ठेवून तपासणी सुरू करा. आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये नंबर लागत नाही, शिवाय नवे शू ड्रमला नीट बसायला थोडं रनिंग व्हावं लागतं.

सुरुवात हँडब्रेकपासून करा, कारण बहुतेक गाड्यांत तो याच शूंवर चालतो. पूर्वी पाच-सहा टिकटिकींत गाडी धरणारा लिव्हर आता नऊ-दहापर्यंत वर येतोय का? सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर, पाय ब्रेकवर तयार ठेवून, गाडी न्यूट्रलला हँडब्रेकवर थांबते का बघा. इथे एक आग्रहाने सांगतो: मेकॅनिक नुसती केबल ताणून गाडी परत देत असेल तर घेऊ नका. केबल ताणल्याने लिव्हर लवकर धरतो, पण झिजलेले शू झिजलेलेच राहतात, आणि आतल्या ॲडजस्टरचं (शू आणि ड्रममधलं अंतर नीट ठेवणाऱ्या भागाचं) कामही अडू शकतं.

मग इंजिन चालू ठेवून पेडल दाबा. पहिल्या दाबाला खोल जाऊन लगेच दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर शू ड्रमपासून लांब गेलेत. स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाईनमध्ये हवा आहे. पाय अर्धा मिनिट तसाच दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर ऑइल कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा भाग) गेलाय. अशी गाडी घाटात नेऊच नका. ब्रेक मारताना पेडल पायाला ठोके देत असेल तर ड्रमचा गोलपणा गेला असण्याची शक्यता आहे.

कानही उघडे ठेवा. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. तो ड्रमवरचा गंज असतो, आपोआप जातो. पण दिवसभर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल तर लायनर संपलाय, ड्रम खाल्ला जातोय. थोडं अंतर चालवून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, ड्रमला लावू नका. एक चाक जास्त तापलेलं आणि जळका वास असेल तर तिथला शू सुटत नाहीये. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर ओघळ दिसला तर व्हील सिलिंडर (चाकातला, ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) गळतोय. ऑइल प्यायलेले लायनर पुसून परत लावू देऊ नका. बदलायचेच, आणि दोन्ही चाकांचे एकदम.

गॅरेजमध्ये ड्रम तुमच्यासमोर उघडायला सांगा. लायनर किती उरलाय ते गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघा. ड्रमचा कमाल व्यास बऱ्याचदा ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम लेथवर मारून (मशीनवर आतून तासून) उपयोग नाही. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू देऊ नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने धुवून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. दोन वर्षं झाली असतील तर बदला: नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते.

वाटेत अंधेरी सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यातून गेलात, तर बाहेर पडल्यावर मागे गाडी नाही बघून सावकाश चालवत पेडल हलकं दाबून ब्रेक सुकवा. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा. पेडल दाबूनही ब्रेक कमी लागू लागला तर सुरक्षित जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि ड्रम आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकू शकतो.