जुनी कॅमॅरो ऑटोक्रॉससाठी बांधताना या चुका टाळा

ऑटोक्रॉस शर्यतीत मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून आखलेल्या वाटेवर गाडी मिनिटभरात बाहेर पडते, पण तेवढ्यात तिची सगळी दुखणी कळतात. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या नियमांत एक शंकू पाडला की २ सेकंदांचा दंड, म्हणून गाडी नेमकी वळलीच पाहिजे. १९६७ ते १९६९ च्या शेव्हर्ले कॅमॅरोची खरी अडचण सांगाड्यातच आहे. मागची बॉडी पत्र्याची एकसंध, इंजिन पेलणारी सबफ्रेम वेगळी, आणि दोघांमध्ये रबरी माउंट.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी कडक स्प्रिंगा आणि जाड अँटिरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी सळई) घेणं. स्प्रिंगेने दबायच्या ऐवजी बॉडीच पिळली जाते, मग सेटिंग कितीही बदला, गाडी दाद देत नाही. तपासायला सोपं आहे: पुढच्या एका चाकाजवळ सबफ्रेमखाली जॅक लावा, चाक उचला आणि दाराची फट पाहा. फट ठळकपणे बदलली किंवा दार अडकू लागलं, तर पैसे आधी सबफ्रेम कनेक्टरवर, म्हणजे सबफ्रेम आणि मागची बॉडी जोडणाऱ्या पट्ट्यांवर, खर्च करा.

त्याआधी गंज शोधा. पाय ठेवतो तिथला पत्रा आणि बॉडी माउंटची बैठक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. कुजक्या पत्र्यावरचं वेल्डिंग कितीही देखणं असलं तरी टिकत नाही.

दोन खांबी लिफ्टवर कनेक्टर वेल्ड करू नका! तिथे गाडीची दोन्ही टोकं लोंबतात आणि तो बाक कायमचा पक्का होतो. इंजिन, सीट जागेवर, दारं बंद, भार चारही चाकांवर, अशीच गाडी हवी. सबफ्रेम आणि बॉडीतली जुळणीची भोकं सळई घालून एका रेषेत आणा, कर्णं मोजा, मगच बोल्ट आवळा. वेल्डिंगचे टाके छोटे घ्या, बाजू बदलत राहा. कार्पेट, बॅटरी आणि पेट्रोलची नळी आधी बाजूला.

रबरी माउंट तसेच ठेवून कनेक्टर वेल्ड केले तर सबफ्रेम हलत राहते आणि जोडांना तडे जाऊ शकतात. ॲल्युमिनियमचे माउंट सगळीकडे एकदमच बसवा, उंची मूळचीच ठेवा.

आता गाडी वळत नाही, नाक बाहेर जातं? दोष बहुधा कॅम्बरचा, म्हणजे चाक आत-बाहेर कलण्याच्या कोनाचा. कारखान्याचे आकडे जुन्या बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या) टायरसाठी होते, आणि गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर झुकतो. अमेरिकी रेसर डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने ओळखला जाणारा बदल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या वरच्या आर्मची जागा खाली आणि मागे घेणं, इथे फार गुणकारी ठरतो. उणे दीड अंशाच्या (चाकाचा माथा आत झुकलेला) आसपास सुरुवात करून टायरच्या बाहेरच्या कडेची झीज पाहत पुढे जा.

मागे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन प्लास्टिकचे बुश घातले तर पाटे मोकळे पिळू शकत नाहीत, वळणातून निघताना मागची बाजू अचानक सुटते. पुढच्या टोकाला रबरच ठेवा.