घरच्या घरी भूकंपमापक: आडव्या लंबकाचं मॉडेल

भूकंप पकडायचा म्हणजे जमीन हलली तरी जागची न हलणारी एक वस्तू हवी, बाकी सगळी जुळवाजुळव आहे. दोरीला वजन टांगलं की झालं असं वाटतं, पण लांबच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा 20-20 सेकंदांच्या असतात आणि तेवढा संथ साधा लंबक करायचा तर दोरी जवळपास 100 मीटर लागते, टांगणार कुठे?

म्हणून लंबक आडवा करायचा, फाटकासारखा. लोखंडी अँगलची उभी फ्रेम घ्या, 60-70 सेंमीचा ॲल्युमिनियमचा दांडा घ्या, दांड्याच्या एका टोकाला सायकलचा छर्रा बसवून तो फ्रेमच्या खालच्या बाजूला स्टीलच्या गुळगुळीत पट्टीला टेकवा, दुसऱ्या टोकाशी दीड-दोन किलो वजन, आणि वजनापासून फ्रेमच्या वरच्या टोकाला बारीक स्टीलची तार (गिटारची मस्त चालते). आता फ्रेम वजनाच्या बाजूला अगदी किंचित झुकवायची, बेसखालच्या बोल्टने, पाव पाव वळसा. जास्त झुकली तर दांडा भराभर डोलतो, झुकलीच नाही तर एका बाजूला जाऊन पडतो. 12-15 सेकंदांचा झोका मिळाला की थांबा, उगाच 20 चा हट्ट नको.

दांड्याच्या टोकाला निओडिमियम मॅग्नेट, खाली बेसवर कॉइल. बारीक तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते, हजारेक वेढे द्या. जमिनीबरोबर कॉइल हलते, मॅग्नेट जागीच राहतो, आणि कॉइलमध्ये व्होल्टेज येतं.

डॅम्पिंग (म्हणजे झुलणं लगेच शमवणं) मात्र टाळू नका!! बहुतेक जण इथेच कंटाळा करतात, मग एका धक्क्यावर दांडा पाच मिनिटं झुलत बसतो आणि ग्राफ वाचता येत नाही. मॅग्नेटजवळ तांब्याची जाड पट्टी पक्की बसवा. बोटाने ढकलून सोडला की दांडा मधोमध येऊन जेमतेम पलीकडे जाऊन थांबला पाहिजे.

पुढे सिग्नल मोठा करायला ॲम्प्लिफायर, व्होल्टेजचे आकडे करायला 16 बिटचा एडीसी, आणि ते नोंदवायला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर. सगळं तळमजल्यावर थेट फरशीवर ठेवा, वर खोका झाका, नाहीतर पंख्याचा वाराच रेकॉर्ड होईल.

ग्राफवर आधी भूकंपाची वेगवान P लाट येते मग मागून संथ S लाट, मधले सेकंद गुणिले 8 म्हणजे भूकंपाचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये, हे जवळच्या भूकंपांना लागू. पुण्यात बसून 15-16 सेकंदांचा फरक दिसला तर कोयनेकडे संशय घ्यायला हरकत नाही, पण तिथले बारीक धक्के शहरातल्या ट्रॅफिकमध्ये बुडतात, हे यंत्र खरं लांबच्या, साडेसहा तीव्रतेच्या वरच्या भूकंपांसाठी.