मुंबईचा फोर्ट पायी बघायचा तर लोंढ्याबरोबर चाला

"रविवारी सकाळी जा, रस्ते मोकळे असतात," असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. रविवारी नुसत्या इमारती दिसतात, फोर्ट नाही. कामाच्या दिवशी दुपारी साडेतीनला चर्चगेटला उतरा.

ओव्हल मैदान मधल्या वाटेने ओलांडा. त्या वेळी राजाबाई टॉवरवर पश्चिमेचं ऊन असतं. मग काळा घोडा. मूळ पुतळा सातव्या एडवर्डसकट १९६५ साली राणीच्या बागेत गेला, आताचा २०१७ चा घोडा बिनस्वाराचा आहे. तिथून हॉर्निमन सर्कल. बागेत बाक मिळाला तर अर्धा तास हलू नका. एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या समोरच आहेत, बसू देत असतील तर तिथे बसा.

साडेपाचला हुतात्मा चौकात या. चर्चगेट स्टेशनला ज्या वेशीचं नाव मिळालं, ती किल्ल्याची वेस इथेच होती. ती पाडल्यावर १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं.

खरी परीक्षा इथून पुढे. दादाभाई नौरोजी रोडवर ऑफिसं सुटलेली असतात आणि सगळी माणसं सीएसएमटीकडे निघालेली. बहुतेक जण सांगतात, सीएसएमटीपासून सुरुवात करा. संध्याकाळी तसं केलंत तर दहा मिनिटांत खांदे सोलून निघतील. मी दोनदा केलंय. दुसऱ्यांदा एक कमान बघायला मधेच थबकलो, तर मागच्याच्या पिशवीतला डबा कोपरावर बसला आणि वर "ओ, चला ना!" हेही ऐकावं लागलं. चूक माझीच होती. त्याची लोकल निघत होती.

म्हणून लोंढ्याच्याच दिशेने चाला, तेही डाव्या हाताच्या, म्हणजे पश्चिमेच्या फुटपाथने. इमारतींखाली कमानींच्या सलग पडव्या आहेत. थांबायचं असेल तर खांबाच्या पुढच्या अंगाला, खांबाला पाठ लावून थांबा. माणसं खांबाशी फुटून दोन्ही बाजूंनी जातात आणि तुम्ही निवांत वर बघू शकता. फेरीवाल्याच्या मालापुढे मात्र उभं राहू नका. त्याच्या धंद्याची हीच दोन तासांची वेळ असते. मोबाइलवर नकाशा बघत चालणं तर अजिबात नको. रस्ता सरळ आहे, चुकायला जागा नाही.

चुकाल ते शेवटी, सबवेपाशी. लोंढा खाली उतरतो, आपणही उतरतो. पहिल्या खेपेला मी असाच वाहत थेट स्टेशनात निघालो आणि बाहेरून बघायचं राहूनच गेलं. तेव्हा खाली न उतरता अलीकडेच, स्टेशनसमोरच्या फुटपाथवर कडेला थांबा. घुमट सगळेच बघतात. तुम्ही आधी फाटकाचे खांब बघा: एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. मग उतरा सबवेत.