नवा फ्यूज घालण्याआधीची तयारी

गाडीतल्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला की आधी तो फेकून देऊ नका, कारण तयारी त्याच्यापासूनच सुरू होते. काढून उजेडात धरा. आतली पट्टी पार नाहीशी झालीय आणि प्लॅस्टिकवर काळपट-चंदेरी शिंतोडे उडालेत, तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे. पट्टी मधोमध वितळून तुटलीय, बाकी सगळं स्वच्छ, तर भार थोडाच जास्त पण बराच वेळ होता. तिसरा प्रकार नजरेतून सुटतो: एका पायापाशी प्लॅस्टिक तपकिरी पडून ओघळलेलं. तिथे बहुधा होल्डरची पकड सैल असते आणि त्या सैल सांध्यातच उष्णता धरते. हे कळायला मला स्वतःच्याच गाडीत तीन फ्यूज खर्ची घालावे लागले. तिन्ही वेळा शिव्या मात्र ॲम्पने खाल्ल्या.

मग कागदावर दोन गोष्टी लिहा. कोणता फ्यूज गेला, बॅटरीजवळचा की ॲम्पच्या अंगावरचा? आणि कधी गेला? बसवताक्षणी, म्युझिक सिस्टीम चालू केल्यावर, की आवाज वाढवून बास दणकायला लागल्यावर? बसवताक्षणी गेला असेल तर केबल किंवा उलटे जोडलेले प्लस-मायनस आधी बघायचे. चालू केल्यावर गेला तर संशय ॲम्पच्या पोटातल्या ट्रान्झिस्टरवर. आवाज वाढवल्यावर जात असेल तर स्पीकरची जोडणी तपासायची. आठवण दुसऱ्या दिवशी पुसट होते, म्हणून कागद.

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, टॉर्च, पाने, पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि त्याच आकड्याचे चार-पाच फ्यूज. पात्याच्या फ्यूजमध्ये 20 ॲम्पियरचा पिवळा, 25 चा पांढरा किंवा पारदर्शक, 30 चा हिरवा. हिरव्याच्या जागी हिरवाच. ‘तात्पुरता मोठा घालू’ हा विचार मनात आला तर गाडीला त्या दिवशी हात लावू नका. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पसाठी नसतोच, तो केबल पेटू नये म्हणून असतो. म्हणूनच तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत लागतो आणि त्याचा आकडा केबलच्या जाडीवरून ठरतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल असेल तर तेवढ्याच जाडीत ती कमी करंट पेलते, हेही हिशेबात धरा.

आणखी एक वस्तू मिळवाच: 12 व्होल्ट, 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब, दोन वायरी डाग देऊन. फ्यूजच्या जागी हा लावला की शॉर्ट असला तरी साडेचार-पाच ॲम्पियरच्या वर करंट जातच नाही. फ्यूज जाळत बसण्यापेक्षा स्वस्त आणि बोलका.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी सोडवा. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी ठरलेली. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ कोड मागतो, तो आधीच शोधून ठेवा.

मग दोन्हीकडचे फ्यूज काढा, ॲम्पच्या सगळ्या वायरी चिकटपट्टीवर नाव लिहून सोडवा. मोबाईलवर फोटो काढलात तरी नावं लिहाच, तांबडी वायर फोटोत काळी दिसते. प्लस केबल आणि बॉडी यांच्यात मीटरने बीप दिली तर केबल कुठेतरी सोलली आहे. इंजिनाकडून आत येताना ती पत्र्याच्या ज्या भोकातून येते, तिथला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या काठावरचं रबरी कडं, आधी बघा, मग पायपुसण्याखालचे स्क्रू. स्पीकरची कोणतीही वायर बॉडीला लागता कामा नये. ती दाराच्या बिजागरीपाशी नाहीतर सीटच्या रुळाखाली चिरडते, आणि सीट एका ठरावीक जागी आल्यावरच शॉर्ट देते, म्हणून मोजताना सीट पुढेमागे सरकवा. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण 3 ते 3.7 दाखवतो. असे दोन वूफर समांतर जोडून ब्रिज केले असतील, म्हणजे ॲम्पचे दोन चॅनेल एकत्र करून त्यांवर लावले असतील, तर ॲम्पला 2 ओहम दिसतात. बरेच ॲम्प ब्रिजमध्ये 4 च्या खाली चालत नाहीत, तेव्हा ॲम्पचं माहितीपत्रक आताच काढा. ॲम्पच्या अंगावर चांगला फ्यूज घालून त्याच्या प्लस आणि ग्राउंडमध्ये (बॉडीला जोडायची मायनस बाजू) मीटर लावा. आकडा हळूहळू चढला तर ते कपॅसिटर भरताहेत, ठीक आहे. शून्याजवळ रुतून बसला तर ॲम्प दुरुस्तीला.

ग्राउंडच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. एवढ्याने फ्यूज वाचेल असं नाही, पण पत्रा उघडलाच आहे तर.

आता बॅटरीजवळच्या होल्डरमध्ये बल्ब, ॲम्पचे स्वतःचे फ्यूज जागेवर, प्लस आणि ग्राउंड जोडलेले, रिमोटची वायर (म्युझिक सिस्टीमकडून ॲम्पला चालू व्हायचा इशारा देणारी) सुटी, मग बॅटरीचा मायनस. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला पाहिजे. रिमोट लावल्यावर मंद उजळला तर चालेल, लख्ख पेटून राहिला तर खरा फ्यूज लावूच नका. सगळं नीट असेल तर फ्यूज लावून एकेक स्पीकर जोडत जा, दर वेळी म्युझिक सिस्टीम आणि ॲम्प बंद करून. शेवटी दहा मिनिटं गाणी वाजवा आणि दोन्ही होल्डरना बोट लावून बघा. कोमट असतील तर हरकत नाही. चटका बसला तर गाडी तशीच बंद करा आणि होल्डर बदला.