बोकड पोसावेत की शेळ्या पाळाव्यात? खेड तालुक्यातला माझा चार वर्षांचा हिशोब

चाकणच्या कंपनीतलं काम सोडून मी शेळ्यांकडे वळले, त्याला चार वर्षं झाली. राजगुरुनगरजवळ आमची दीड एकर जमीन, विहिरीला मार्चपर्यंत पाणी. आता ओळखीतली पोरं विचारतात, "ताई, मटणासाठी जनावरं पाळायची तर सुरुवात कशानं करू?" काहींच्या डोक्यात परदेशातले गुरांचे मोठे फार्म असतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे हा धंदा म्हणजे शेळी, मेंढी, फार तर रेडकं. मला अनुभव शेळीचा, म्हणून तिच्याबद्दलच सांगते.

मार्ग दोन. करडं विकत आणून चार-पाच महिने पोसायची आणि विकायची, नाहीतर शेळ्या ठेवून घरचीच करडं वाढवायची. पहिल्यात पैसा लवकर फिरतो, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. एका आठवडी बाजारातून १८ बोकड आणले, सरासरी १२ किलोचे, प्रत्येकी ४,५०० रुपयांना. कागदावर गणित झकास होतं. रोज ८० ग्रॅम वाढ धरली तर पाच महिन्यांत २४ किलो, ४०० रुपये किलोनं ९,६००. त्यातून खरेदीचे ४,५००, खुराकाचे १,२००, सुक्या चाऱ्याचे ८००, औषधांचे ३०० वजा केले की बोकडामागे २,८०० उरतात.

आठव्या दिवशी एकाच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळायला लागलं. जबडा उघडून पाहिला तर हिरड्या सोलल्यासारख्या लाल, मागून पातळ हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्यानं पसरणारा साथीचा रोग. पंधरवड्यात पाच बोकड गेले. उरलेल्या १३ नी मिळवून दिलेले ३६,४००, त्यातून मेलेल्यांच्या खरेदीचे २२,५०० वजा. पाच महिने राबून हातात १४ हजारसुद्धा नाहीत.

तेव्हापासून विकतचं करडू आलं की तीन आठवडे वेगळ्या छपराखाली, त्याची पाण्याची बादलीही वेगळी. पीपीआरची लस तीन महिन्यांपुढच्या करडाला आणि आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची पावसाळ्याआधी, यात मी चालढकल करत नाही. दुसरं म्हणजे काटा. बाजारात भाव नगावर, डोळ्यांच्या अंदाजानं ठरतो आणि पाणी पाजून पोट फुगवलेलं करडू दीड किलोनं जड भरतं. म्हणजे पाचेकशे रुपये पाण्याचे. मी पिशवीत टांगता काटा घेऊनच जाते. विकणारा वजन करू देत नसेल तर पुढच्या दावणीला जायचं.

पैदाशीचा मार्ग मंद आहे. दुसऱ्या वर्षी दहा उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. गाभणकाळ पाच महिन्यांचा, मग करडं मोठी होईपर्यंत वाट पाहायची. पहिलं वर्ष निव्वळ खर्चाचं गेलं आणि त्या वर्षी घर नवऱ्याच्या पगारावर चाललं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण या जातीत जुळी सर्रास होतात आणि नीट सांभाळलं तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. रोगही बाजारातून घरी येत नाही.

रात्री मात्र जागाव्या लागतात. जानेवारीत एक शेळी पहाटे तीनला व्यायली. दुसरं करडू गारठून निपचित पडलं होतं. नाकातोंडातला चिकटा पुसला, गोणपाटानं खसाखसा चोळलं, नाळ कापून टिंक्चर आयोडीन लावलं आणि तोंडात चिकाची धार पिळली. वीस मिनिटांनी ते चार पायांवर डुलत उभं राहिलं. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला नाही तर पुढे औषधांवर कितीही पैसे घातले तरी करडू मागेच राहतं.

चराईवर सोडण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, कारण त्यात चाऱ्याचा खर्च वाचतो. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात मी तो देणार नाही. उसात बिबट्या आहे. आमच्या शेडला चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी आहे आणि शेळ्या अंधाराआधी आत असतात. मग चारा घरचाच हवा. शेजारचे तात्या पहिल्या दिवशी म्हणाले होते, "पोरी, आधी घास लाव, मग शेळी आण." मी उलटं केलं आणि पहिला उन्हाळा विकतच्या कडब्यावर काढला. आता वीस गुंठ्यांत दशरथ घास आणि मेथी घास आहे, बांधावर शेवरी आणि सुबाभूळ, शिवाय हरभरा-तुरीचा भुसा साठवते.

नवख्याला मी दोन्हीचं मिश्रण सुचवते: पाच शेळ्या पैदाशीला आणि त्यांच्याच नर करडांना पोसणं. विकतचे बोकड घ्यायचेच तर चार-पाचच्या वर नकोत. पन्नास शेळ्यांचं शेड कर्ज काढून बांधू नका. पुण्यात गोखलेनगरला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं कार्यालय आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा.

सगळ्यात चांगला भाव बकरी ईदला. त्यासाठी बोकडाला वर्ष पूर्ण हवं, गिऱ्हाईक दात बघूनच पैसे मोजतं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ ला १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला. म्हणून मी शेळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळवते, म्हणजे मार्च-एप्रिलात वेत येतं आणि पुढच्या ईदला बोकड तेरा-चौदा महिन्यांचा होतो. वेत भर उन्हाळ्यात येतं, त्यामुळे विहीर आटायच्या आत भुसा भरून ठेवावा लागतो. यंदाच्या गोणी मी फेब्रुवारीतच रचून ठेवल्यात.