पात्राचं स्वभावचित्रण मुलांकडून कसं लिहून घ्यायचं

आठवी-नववीच्या मुलांना स्वभावचित्रण लिहा म्हटलं की वहीत ठरलेलं येतं, "आई प्रेमळ, कष्टाळू आणि संस्कारी होती." हे कुठल्याही आईला लागू पडतं, म्हणून मी पहिल्या तासाला विशेषणंच बंद करते. फक्त क्रियापदं लिहायची, पात्राने काय केलं एवढंच.

'श्यामची आई' घ्या, १९३५ सालचं पुस्तक, बहुतेक घरात असतंच. त्यातला पोहण्याचा प्रसंग वर्गात मोठ्याने वाचा. श्याम घाबरून लपतो, आई त्याला शोधून शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते, नंतर तो वळ दाखवतो तेव्हा तिचेच डोळे भरून येतात. इथे थांबा आणि विचारा, मारणारी आई आणि रडणारी आई एकच कशी? घाई करू नका, मुलं गप्प बसली तर बसू द्या, कारण खरा विचार तिथेच सुरू होतो. कुणीतरी हळूच म्हणतं की आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेलं तिला सहन होत नसेल, झालं, हेच तुमचं पहिलं वाक्य!

मग लिहायला लावा: आधी एक दावा, लगेच प्रसंग, आणि त्यावरून आपल्याला तसं का वाटलं. तिसरा भाग मुलं हमखास गाळतात, तेव्हा समासात नुसतं "कशावरून?" लिहून वही परत द्यायची.

आणि हो, गोष्ट श्याम सांगतोय, म्हणजे आई आपल्याला त्याच्या आठवणीतून दिसते, हेही एकदा बोलून घ्या. आईने स्वतः सांगितलं असतं तर प्रसंग कसा असता, हे घरून १० ओळीत लिहून आणायला सांगा.