मदत मागताना आधी ठिकाण सांगा: कोकणात रेल्वेने आणि एसटीने फिरणाऱ्यांसाठी

मुंबईच्या लोकलमध्ये काही झालं तर चार-पाच मिनिटांत पुढचं स्टेशन येतं. रोह्याच्या पुढे तसं नाही. स्टेशनं लांब लांब, मधे बोगदे नि दऱ्या, मोबाइलला रेंज नाही आणि मार्ग बहुतेक एकेरी. मदतीला वेळ लागणारच; पण फोन करणाऱ्याला आपण कुठे आहोत हेच सांगता येत नाही, तेव्हा तो आणखी वाढतो. ‘चिपळूण सोडून झाला थोडा वेळ’ एवढ्यावर कोण कुठे धावणार?

म्हणून जागेवर बसल्या बसल्या गाडीचा नंबर, डबा, बर्थ आणि पीएनआर कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका, चोरीला जातो तो मोबाइलच. जनरल डब्यात असाल तर डब्यावर रंगवलेला आकडी नंबर टिपा. गाडी मधेच थांबली तर रुळालगतच्या विजेच्या खांबाची पाटी वाचा. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. ‘२०३ किलोमीटर, ७ नंबरचा खांब’ एवढं सांगितलं की रेल्वेच्या कंट्रोल रूमला जागा नेमकी कळते.

रेल्वेत कसलीही अडचण असो, नंबर एकच: १३९. सुरक्षा किंवा वैद्यकीय मदत हवी असेल तर १ दाबा. साध्या फोनवरूनही लागतो. रेलमदद ॲपवर तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. रेंज गेली तर ११२ लावून पाहा. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. बोगद्यात मात्र फोनवर वेळ घालवू नका, टीसी किंवा गस्तीचा पोलीस गाठा.

आता साखळी. ती ओढली की ब्रेकच्या पाइपातली हवा सुटते आणि गाडी जिथे असेल तिथे थांबते. इथेच कोकणातली गोम आहे. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल साठ मीटरहून उंच. अशा जागी गाडी उभी राहिली तर उतरायचं कुठे? डब्यात धूर दिसला आणि गाडी बोगद्यात असेल तर ती बाहेर पडू द्या. तोवर माणसं शेजारच्या डब्यात हलवा, मधलं दार लावून घ्या, ओला रुमाल नाकाला लावून खाली वाकून चला. उघड्यावर आलात की साखळी ओढा. कुणी गाडीतून पडलं, कुणावर हल्ला झाला, तरी ओढायलाच हवी. मागे राहिलेल्या काकांसाठी ओढू नका: विनाकारण ओढल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनात क्रॉसिंगला थांबलेली गाडीही लटकते ती वेगळीच.

पावसाळ्यात गाडी कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, थांबली की हवा खायला उतरणारे दर वर्षी दिसतात. उतरू नका. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर गस्त वाढली, जाळ्या लागल्या, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आहेच. पण सुटलेला धोंडा आधी उघड्यावरच्या माणसाला लागतो. कर्मचाऱ्यांनी उतरायला सांगितलंच तर तोंड डब्याकडे करून, दोन्ही दांड्या धरून, उलटं उतरा. पायरीवरून खाली खडी बरीच खोल असते. सरळ उडी मारणाऱ्याचा घोटा हमखास मुरगळतो. टपावर कुणालाही चढू देऊ नका, वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे.

लहान स्टेशनात गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. सामान आधीच्या स्टेशनपासून दाराजवळ आणा, पण उघड्या दारात उभे राहू नका आणि बोटं चौकटीवर ठेवू नका: ब्रेक लागला की दार धाडकन मिटतं. शेवटचे डबे कधी फलाटाबाहेर राहतात. अंधारात खाली पाहिल्याशिवाय पाय टाकू नका, आणि फलाटाच्या उलट बाजूला तर मुळीच नको. नावापुढे ‘रोड’ असलेलं स्टेशन गावापासून लांब असतं, राजापूर रोड किंवा सावंतवाडी रोडसारखं. रात्री उतरणार असाल तर रिक्षा किंवा घरचं माणूस आधीच ठरवा; नाहीतर उजाडेपर्यंत स्टेशनातच बसा.

चोराला आवडते ती गाडी सुटण्याची वेळ. खिडकीतला मोबाइल हिसकला की तो फलाटावर राहतो, तुम्ही पुढे जाता. स्टेशन मागे पडेपर्यंत खिडकीशी फोन नको. बॅग खालच्या बर्थखालच्या कडीला साखळी-कुलपाने बांधा. साखळी बॅगेच्या झिपच्या पट्ट्यात नाही, हँडलमधून घाला.

एसटीत बसताना आधी ‘संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेलं दार शोधा. गणपतीत त्याच्यासमोर हमखास पोती नि बॅगा रचलेल्या असतात. कंडक्टरला सांगून हलवा. खिडक्यांना गज असतील तर गाडी कलंडल्यावर ते दार हीच वाट. घाटात कोपर बाहेर नको: वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि जांभ्याची दरड किंवा समोरची गाडी हातभरावरून जाते.

साकवावरून पाणी वाहत असेल तर ‘जाईल हो, घाला’ म्हणणारे बहुतेक वेळा प्रवासीच असतात. ड्रायव्हर थांबला तर त्याच्या बाजूने बोला. पाण्याखाली रस्ता उरलाय की वाहून गेलाय हे कुणालाच दिसत नसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, त्यात दोन एसटी होत्या.

फाट्यावर उतरलात की गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नका. ती निघून जाऊ द्या, मग दोन्हीकडे पाहा. मुंबई–गोवा महामार्ग आता रुंद झालाय, वाहनं फार वेगाने येतात.

तिकीट घरी पोचेपर्यंत फाडू नका, नुकसानभरपाईला तोच पुरावा. रेल्वेचं ई-तिकीट काढताना विम्याच्या पर्यायावर खूण करा आणि ईमेलवर आलेल्या दुव्यावर वारसाचं नाव भरा. हे भरायचं बहुतेकजण विसरतात. चोरी झाली तर प्रवास मोडायची गरज नाही. टीसी किंवा गस्तीच्या पोलिसाकडे तक्रारीचा फॉर्म मागा, भरून त्याच्याकडेच द्या. कुठल्याही रेल्वे पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.